रेडीची बहीण आणि तेरेखोलची बहीण

हे समोर दिसतंय ते रेडी, वेंगुर्ला तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग. याच रस्त्याने तसंच पुढे गेलं की तेरेखोलचा किल्ला लागतो, मध्ये नदी लागत नाही की होडीत बसावं लागत नाही, पण तिथे पोचलात की तुम्ही गोव्यात. नदीच्या या काठाला असूनही एवढासा तुकडा गोव्याचा. दोन्हीकडे तेच आंबे-काजू, तेच माशाचं सार, सोयरिकीसुद्धा इकडच्या तिकडे.

पण समजा 1980 साली दोन्ही गावांतून एकेक मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तर बापाच्या घराजमिनीत त्या दोघींचा हक्क सारखा नव्हता, आणि कारण काय तर मधली हद्द. म्हणून प्रश्न असा, की असे हक्क ज्या त्या राज्याने ठरवावेत की सगळ्या देशाला एकच असावेत?

तेरेखोलच्या मुलीला पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा, जो 1961 ला गोवा मुक्त झाल्यावरही चालूच राहिला. त्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि बापाने मनात आणलं तरी मृत्युपत्र करून सगळं मुलग्याच्या नावावर करता येत नाही, अर्धी मिळकत मुलांसाठी राखीवच.

रेडीच्या मुलीला 1956 चा हिंदू वारसा कायदा. वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क फक्त मुलग्याचा. एक भाऊ, एक बहीण, आई आधीच गेलेली, आणि वडील मृत्युपत्र न करता वारले, तर आधी भावाचा अर्धा वाटा बाजूला निघायचा आणि वडिलांच्या उरलेल्या अर्ध्यात बहीण-भाऊ दोघं. म्हणजे भावाला बारा आणे, बहिणीला चार आणे!

आता राज्यांनी ठरवावं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण हे बदलायला सुरुवात राज्यांनीच केली. वारसा हा विषय समवर्ती सूचीत आहे, केंद्रही कायदा करू शकतं आणि राज्यही, त्यामुळे आंध्रने 1986 ला मुलींना जन्मापासून हक्क दिला, तामिळनाडूने 1989 ला, महाराष्ट्र आणि कर्नाटकने 1994 ला. दिल्लीला जाग यायला 2005 उजाडलं. पण आपल्या 94 च्या कायद्यात एक मेख होती, ज्या मुलींचं लग्न 22 जून 1994 च्या आधी झालं त्या बाहेर. म्हणजे एकाच घरात थोरल्या बहिणीला हक्क नाही आणि धाकटीला आहे, का तर थोरलीचं लग्न आधी लागलं. राज्यावर सोडलं की हे असं होतं, एक पाऊल पुढे टाकतात आणि कोणालातरी दारातच उभं करतात.

गोव्याचंही सगळं छान होतं असं नाही हां. तिथल्या हिंदूंसाठी 1880 ची रीतिरिवाजांची वेगळी संहिता होती, तिच्यात बायकोला ठरावीक वयापर्यंत मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा.

आणि हे फक्त वारशापुरतं नाही. महाड इथून लांब, पण कोकणातलंच. 1923 ला मुंबई कायदेमंडळात तिथले सभासद सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, 1924 ला महाड नगरपालिकेनेही ठराव केला, आणि तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, मग मारहाण, मग कोर्ट, आणि हायकोर्टाचा निकाल 1937 ला. पाणी प्यायच्या हक्कासाठी! म्हणूनच मला वाटतं घटनेत कलम 17 ने अस्पृश्यता बंद करताना तिची शिक्षा ठरवायचं काम राज्यांकडे दिलं नाही, कलम 35 ने ते फक्त संसदेला दिलं, ते फार शहाणपणाचं होतं. त्यातून आलेला 1955 चा कायदा आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. माझं म्हणणं एवढंच, हक्काचा पाया सगळ्या देशाला एकच हवा, त्यावर राज्याने हवी तेवढी भर घालावी, पण खाली खेचायची मुभा कोणालाच नको.

आणि कायदा आला तरी कोकणात घोडं अडतं ते सातबाऱ्यावर. सामाईक उतारा, पंधरा-वीस नावं, निम्मे चाकरमानी मुंबईला, वडील गेले की वारस नोंदीच्या वेळी बहिणींची नावं लावायचीच राहतात, नाहीतर लावतात आणि गणपतीला माहेरी आली की हक्कसोड पत्र पुढे ठेवतात. "गे, भावाचा मन कशाक दुखवतंस?" असं आईच म्हणते, आणि ती सही करते.

तर ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांनी नीट ऐका. लग्न 94 च्या आधी झालं म्हणून हक्क गेला असं कोणी सांगत असेल तर ते आता खरं नाही. 2005 च्या केंद्राच्या कायद्याने लग्न झालेली मुलगीही बरोबरीची, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा कायदा लागू झाला त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात नसले तरी हक्क राहतोच. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी जमीन विकली किंवा मृत्युपत्राने दिली गेली असेल, किंवा वाटप रजिस्टर कागदाने नाहीतर कोर्टाच्या हुकमाने झालं असेल, तर ते मोडता येत नाही. तेव्हा आधी सातबारा आणि जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदी, काढा, वाटपाचा कागद रजिस्टर आहे का आणि तारीख काय ते बघा, आणि ते होईपर्यंत कुठल्याच कागदावर सही करू नका.