गाडी उभी असतानाचं काम : ठरलेल्या वेळेच्या रुग्णवाहतुकीचं प्रशिक्षण

मंडळी, आज आपण सायरनवाल्या रुग्णवाहिकेबद्दल बोलणार नाही. अपघात, हृदयविकाराचा झटका यांचं प्रशिक्षण वेगळं आहे आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. आपला विषय आहे ठरवून होणारी वाहतूक. डायलिसिसला येणारा रुग्ण, केमोथेरपी घेऊन परतणारा, ऑपरेशननंतर घरी सोडलेला, तपासणीसाठी दुसऱ्या रुग्णालयात न्यायचा.

या कामाचा अभ्यासक्रम आखायला बसलं की आधी ड्रायव्हिंग आठवतं, मग प्रथमोपचार. उचलणं, बसवणं, बांधणं याला उरलासुरला वेळ मिळतो. माझ्या मते हे उलटं हवं. या कामातली खरी जोखीम रस्त्यापेक्षा दोन टोकांना आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, गाडीतून विभागात. रुग्ण पडतो, नळी ओढली जाते, खांदा दुखावतो, आणि तेव्हा गाडी जागची हललेलीही नसते. तेव्हा तास तिथे घाला.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेणं हा पहिला धडा. अर्धांगवायूचा रुग्ण असेल तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, पलंगाशी साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन करून. दोन्ही ब्रेक लावायचे, फुटरेस्ट वर करायचे किंवा काढून ठेवायचे. खाली राहिलेल्या फुटरेस्टवर पाय आपटतो किंवा त्यावर उभं राहायला जाऊन खुर्चीच पुढे कलते. रुग्णाला पलंगाच्या कडेशी आणायचं, पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या जरा मागे. कंबरेला ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे मदतनिसाला धरायला रुग्णाच्या कंबरेला बांधायचा रुंद पट्टा. मदतनिसाने आपल्या गुडघ्याने रुग्णाचा कमजोर गुडघा अडवून धरायचा, म्हणजे तो ऐन वेळी वाकत नाही. ‘एक, दोन, तीन’ म्हणताना तीनवर उठायचं की तीननंतर, हे आधी ठरवून घ्या. दोघं मदतनीस वेगवेगळ्या क्षणी उचलतात तेव्हा सगळा भार एकाच्या कंबरेवर येतो.

काखेत हात घालून उचलणं ही सगळ्यात चिवट सवय. अर्धांगवायूनंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, काखेतून ओढलं की सांधा जागेवरून सरकतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो. रुग्णाला आपल्या गळ्यात हात टाकू देणंही तितकंच वाईट. तो लटकला की तुमची मान गेली. उभंच राहता येत नसेल तर ट्रान्सफर बोर्ड (दोन आसनांमध्ये पुलासारखी ठेवायची गुळगुळीत फळी) किंवा स्लाइड शीट (रुग्णाखाली घालायचं निसरडं कापड) वापरा. नुसती चादर धरून फरफटवलं की कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस पुढे सरकतं. माकडहाडावरच्या जखमा अशाही सुरू होतात.

रुग्ण हलवण्याआधी त्याला जोडलेल्या गोष्टी हलवायच्या : ऑक्सिजनची नळी, सलाइन, लघवीची पिशवी. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीच्या खाली. स्ट्रेचरवर घेताना ‘दोन मिनिटांपुरती’ ती रुग्णाच्या पोटावर ठेवणारे हमखास भेटतात. साचलेली लघवी नळीतून मागे जाते आणि संसर्गाला वाट मिळते. पिशवी स्ट्रेचरच्या कडेच्या चौकटीला, गादीच्या खाली अडकवा, चाकांपासून दूर. जमिनीला टेकू देऊ नका.

झोपलेल्या माणसाला थेट उभं करू नये. पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसू द्या, घेरी येते का विचारा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि डायलिसिसनंतर शरीरातलं पाणी नुकतंच काढलेलं असल्याने हे जास्त घडतं.

आता गाडीतली व्हीलचेअर. इथे जरा थांबू या, कारण इथली चूक बाहेरून दिसत नाही. खुर्चीचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला. चार पट्टे, दोन पुढे, दोन मागे. हुक अडकवायचे ते खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला. चाकाला नाही, फुटरेस्टला नाही, निघणाऱ्या हातांना तर नाहीच. पट्टा चाकाच्या आऱ्यांतून जाता कामा नये. मागचे पट्टे जमिनीशी साधारण ३० ते ४५ अंशांत बसले पाहिजेत. फार उभे झाले तर ब्रेक लागताना खुर्ची पुढे सरकू देतात. ताण दिला की खुर्ची दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. ती हलली तर पट्टे बसलेले नाहीत.

खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला असं नव्हे. माणसाचा पट्टा वेगळा असतो आणि चुका इथेच होतात. कंबरेचा पट्टा ओटीपोटावर नको, खुब्याच्या हाडांवर खाली बसायला हवा. तो खुर्चीच्या हातांवरून घेतला की पोट आणि पट्टा यांच्यात पोकळी राहते. जोरात ब्रेक लागला की माणूस खाली घसरतो आणि पट्टा मऊ पोटात रुततो. म्हणून हातांच्या आतून घ्या, मध्ये उशी किंवा पिशवी ठेवू नका. वरचा पट्टा खांद्यावरून, मानेवरून नव्हे. आणि खुर्चीलाच शिवलेला जो छोटा पट्टा असतो, तो नीट बसवण्यापुरता आहे. अपघातात त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

याचं उत्तम प्रात्यक्षिक म्हणजे प्रशिक्षकाने खुर्ची स्वतः बांधायची आणि मुद्दाम एक चूक ठेवायची. प्रशिक्षणार्थीने ती शोधायची. बांधायला शिकवणं सोपं, तपासायला शिकवणं कठीण, आणि रोजच्या कामात दुसरं जास्त लागतं.

स्ट्रेचरवर छाती, कंबर आणि पाय यांचे पट्टे बहुतेक जण लावतात, खांद्यांचे मात्र लोंबकळत राहतात. रुग्णाचं डोकं ड्रायव्हरच्या बाजूला असतं. ब्रेक लागला की शरीर डोक्याच्या दिशेनेच घसरतं, आणि ते अडवायला आडवे पट्टे पुरत नाहीत. खांद्यांचे पट्टे त्यासाठीच आहेत. बाहेर चालवताना स्ट्रेचर जमेल तितकं खाली ठेवा. उंच स्ट्रेचर बाजूला ढकलताना एक चाक फटीत अडकलं की ते आडवं होतं. खडबडीत जागी एक जण डोक्याशी, एक पायाशी, आणि लांबीच्या दिशेनेच चाल. व्हीलचेअर उतारावरून नेताना उलटी, म्हणजे मदतनीस आधी आणि रुग्णाची पाठ उताराकडे.

ऑक्सिजनचं गणित वर्गात पुन्हा पुन्हा सोडवून घ्या. सिलिंडरची पाण्याची क्षमता, म्हणजे रिकाम्या सिलिंडरमध्ये किती पाणी मावेल ती, १० लिटर. दाबाचा काटा १०० बारवर (बार हे दाबाचं माप). ३० बार राखीव धरले तर उरले ७०. सत्तर गुणिले दहा, ७०० लिटर वायू. मिनिटाला ४ लिटर लागत असेल तर १७५ मिनिटं. १० लिटर लागत असेल तर ७० मिनिटं. इथवर सगळ्यांना जमतं. चुकतं ते पुढे. लोक फक्त रस्त्याचा वेळ धरतात. लिफ्टची वाट, कागदपत्रं, विभागाच्या दाराबाहेर थांबणं, हे सगळं त्याच सिलिंडरवर चालू असतं. प्रवासाचा अंदाज दुप्पट धरून हिशोब करा. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करणारं तोंडावरचं यंत्र, बसवताना हाताला तेल, व्हॅसलीन, ओलं सॅनिटायझर काही नको, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकटपणा पेट घेतो. झडप हळू उघडा. फुसफुस ऐकू आली तर आधी वॉशर आहे का पाहा. जोरात आवळून गळती थांबत नाही, वॉशर मात्र चिरडतो. सिलिंडर रुग्णाच्या पायांमध्ये आडवा ठेवणं तर बंदच करा, त्याची जागा ब्रॅकेटमध्ये. डॉक्टरांनी लिहिलेला प्रवाह स्वतःहून वाढवू नये. फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत जास्त ऑक्सिजनने अपायही होतो.

आजारांबद्दल किती शिकवायचं? रोगांची वर्णनं पाठ करवण्यात अर्थ नाही, त्या रुग्णाला काय करायचं नाही एवढं पक्कं हवं. डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) असलेला हात धरून ओढायचा नाही, त्यावर रक्तदाबाचा पट्टा नाही, गाडीच्या पट्ट्याचा दाब नाही. तिथून रक्त सुरू झालं तर नेमक्या जागेवर बोटाने दाब द्या, हात वर धरा आणि तातडीची मदत बोलवा. कापसाचा गठ्ठा वर बांधून निघू नका, आत काय चाललंय ते दिसत नाही. खुब्याचा सांधा बदललेल्याला खोलगट आसनावर बसवू नका, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. मधुमेही रुग्णाची गाडी लांबली तर शेवटचं कधी खाल्लं ते विचारा. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर साखर ७० च्या खाली गेली असू शकते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

आणि न निघणं हेही शिकवावं लागतं. ते अवघड आहे, कारण वेळापत्रक मागे लागलेलं असतं. पलंगाशी पोचल्यावर नर्सला किंवा नातेवाइकांना एक प्रश्न विचारा : कालच्यापेक्षा काही वेगळं वाटतंय का? नव्याने गोंधळलेला, एक वाक्य सलग बोलताना धाप लागणारा, छातीत दुखतंय म्हणणारा, तोंड वाकडं झालेला रुग्ण आपल्या गाडीत घ्यायचा नाही, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. रस्त्यात शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर गाडी सुरक्षित जागी उभी करा, मदत बोलवा आणि छाती दाबायला लागा : मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. धावत्या गाडीत हे नीट होत नाही.

स्वच्छतेबद्दल थोडंच. रक्त सांडलं तर आधी शोषून पुसून घ्या, मग हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण. रक्तावर थेट ओतलं तर क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग, झालं १ टक्का. दहा मिनिटं राहू द्या, नंतर धातू पाण्याने पुसा, नाहीतर गंजेल. द्रावण रोज ताजं करा आणि ॲसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

परीक्षेचं सांगतो. लेखी पेपर लहान ठेवा. प्रत्येक प्रशिक्षणार्थी एकदा तरी स्ट्रेचरवर पट्टे लावून, डोळे बांधून गाडीतून फिरलेला असावा. न सांगता स्ट्रेचर उचललं की कसं वाटतं ते त्याला मग सांगावं लागत नाही. मुख्य परीक्षा एकाच फेरीची : पलंग, गाडी, विभाग आणि परत. न बोलता उचललं तर गुण कापा. रुग्ण विभागात पोचला म्हणून घड्याळ थांबवू नका. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळवून ताबा दिला का, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, औषधांची पिशवी रुग्णाबरोबर उतरली का, सिलिंडरचा काटा वहीत लिहिला का, पट्टे पुसून जागेवर गेले का, हे बघून मगच वेळ नोंदवा.