बार्टन्सव्हिलचा छपराचा पूल

(दृश्य: झाडीतून वळत येणारा गावरस्ता, समोर पूल)

लांबून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी गुरांचा मोठा गोठा उचलून नदीवर आडवा ठेवलाय. फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर. जवळ गेलं की कळतं, याला समोरची भिंतच नाही. रस्ता सरळ आत शिरतो आणि पलीकडच्या काठावर बाहेर पडतो.

अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. बार्टन्सव्हिल नावाचं लहानसं गाव, आणि ही विल्यम्स नदी. 1869 साली नदीला मोठा पूर आला आणि तिने आपलं जुनं पात्रच सोडलं. पाणी नव्या वाटेने वाहू लागलं, गावाचा रस्ता तुटला. मग 1870 मध्ये सॅनफर्ड ग्रेंजर यांनी इथे पूल बांधला. 151 फूट लांब, आणि पाण्यात एकही खांब नाही.

लाकडाने एवढं अंतर पेललं कसं?

(दृश्य: पुलाच्या आत, बाजूची जाळी)

या बाजूंकडे बघा. तिरक्या फळ्या एकमेकींना छेद देत गेल्या आहेत, खिडकीच्या जाळीसारख्या. जिथे दोन फळ्या भेटतात, तिथे गिरमिटाने भोकं पाडून लाकडी मेखा ठोकलेल्या. पुलाचा सगळा भार ही जाळी वाटून घेते. इथिएल टाउन या वास्तुकाराने 1820 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. तिला मोठमोठे ओंडके लागत नाहीत, लोखंडही फारसं लागत नाही. जवळच्या गिरणीत चिरलेल्या फळ्या आणि गावातले सुतार एवढ्यावर काम होतं. मला या पुलाची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. गावाला जे जमत होतं, त्यातूनच तो उभा राहिला.

आणि छप्पर? ते माणसांसाठी नाही, या जाळीसाठी आहे. पावसात-बर्फात उघडी पडलेली लाकडी जाळी काही वर्षांत कुजते. डोक्यावर छप्पर असेल तर तीच शंभर वर्षं टिकते. पण त्या छपराने एक वेगळंच काम वाढवलं. हिवाळ्यात इथे बर्फावरून घसरगाड्या चालायच्या, आणि पुलाच्या आत तर बर्फ नाही! मग माणसं बाहेरचा बर्फ फावड्याने ओढून आतल्या फळ्यांवर पसरायची.

(दृश्य: गढूळ, फुगलेली नदी)

28 ऑगस्ट 2011. आयरीन वादळाचा पाऊस व्हरमाँटच्या डोंगरांवर कोसळला. विल्यम्स नदी काठ कापत पुलाच्या पायापर्यंत आली. एका बाजूचा आधार सुटला आणि अख्खा पूल, छपरासकट, पाण्यात कलंडला. गावातल्या कुणीतरी तो क्षण टिपला. ते चित्रण जगभर पाहिलं गेलं. मी ते अनेकदा पाहिलंय. दर वेळी ते छप्पर वाकून प्रवाहाबरोबर निघतं, तेव्हा घरातलंच कुणी जात असल्यासारखं वाटतं. 141 वर्षं तो तिथे होता. ज्या नदीच्या पुरामुळे तो बांधावा लागला, त्याच नदीच्या पुरात तो गेला.

याच नदीवर ग्रेंजर यांनी बांधलेला वॉरल पूल मात्र वाचला, तो आजही उभा आहे.

बार्टन्सव्हिलला काँक्रीटचा साधा पूल टाकून मोकळं होता आलं असतं. गावाने तसं केलं नाही. पुन्हा लाकूड, पुन्हा तीच जाळी, पुन्हा छप्पर. जानेवारी 2013 मध्ये नवा पूल रहदारीला खुला झाला, ऐन हिवाळ्यात.

(दृश्य: नव्या पुलातून जाणारी गाडी, चाकांखाली फळ्यांचा आवाज)

रचना जुनीच ठेवली, लांबी मात्र वाढवली. जुना पूल 151 फुटांचा होता, हा 168 फुटांचा आहे. नदीला 17 फूट जागा जास्त.