लेंग्याचं इलॅस्टिक आणि नाडी

विषय जाहीर झालाय ‘सीओपीडीतलं कोलॅजेन’. सीओपीडी म्हणजे बहुधा धुरामुळे जडणारा, श्वास कायमचा अडवणारा फुप्फुसाचा आजार; कोलॅजेन म्हणजे ऊतींना ताठपणा देणारं धाग्यांचं प्रथिन. त्यावर येतोच. पण आधी इलॅस्टिनचा, म्हणजे फुप्फुसाला ताणून परत आखडू देणाऱ्या लवचीक प्रथिनाचा मान. गेली साठ वर्षं सगळ्या टाळ्या तेच घेतंय.

१९६३. स्वीडनमधलं माल्मो. लॉरेल आणि एरिक्सन हे संशोधक रक्तातल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेच्या साहाय्याने प्रथिनं वेगळी करण्याच्या) पट्ट्या बघत होते. सुमारे दीड हजारांत पाच पट्ट्या अशा, की अल्फा-१ची रेघच गायब! त्या पाचांतल्या तिघांना एम्फिसीमा, म्हणजे वायुकोशांच्या (फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांच्या) भिंती नष्ट होण्याचा आजार. गायब होतं ते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या इलास्टेजला (इलॅस्टिन तोडणाऱ्या एन्झाइमला) वेसण घालणारं प्रथिन. त्याच सुमारास अमेरिकेत पॉल ग्रॉस यांनी उंदरांच्या फुप्फुसात पपेन सोडलं. वायुकोशांच्या भिंती फाटल्या. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम. मटण शिजेना की आपण पपईची फोड टाकतो, ती याच्याचसाठी. (नाही, पपई खाल्ल्याने एम्फिसीमा होत नाही. हा प्रश्न शेवटी कुणीतरी विचारतंच, म्हणून आत्ताच उत्तर.)

सिगारेटचा धूर दोन्हीकडून मारतो: न्यूट्रोफिल गोळा करतो आणि अँटिट्रिप्सिनच्या साखळीतल्या ३५८ क्रमांकाच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचं ऑक्सिडीकरण करून वेसणच सैल करतो. इलॅस्टिनचे धागे चार-चार लायसिनच्या (हेही अमिनो आम्ल) गाठींनी, म्हणजे डेस्मोसिनने, बांधलेले असतात. धागा तुटला की या गाठी लघवीतून बाहेर पडतात. नवं इलॅस्टिन तयार होतं, पण विणकाम जुन्यासारखं जमत नाही. मुळात फुप्फुसातलं इलॅस्टिन जवळपास जन्मभर तेच असतं. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून १९९१ मध्ये हिशेब झाला, त्याचं सरासरी वय निघालं ७४ वर्षं.

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, कोलॅजेन!

माझी तक्रार एम्फिसीमाच्या १९८५च्या व्याख्येवर आहे. एम्फिसीमा म्हणजे वायुकोश कायमचे फुगणे, भिंती नष्ट होणे, ‘उघड फायब्रोसिस (कोलॅजेन साचून व्रणासारखं घट्ट होणं) नसताना’. या शेपटामुळे कोलॅजेनकडे पाठ फिरली. प्रत्यक्षात उरलेल्या भिंतींत ते कित्येकदा वाढलेलं सापडतं, पण वेडंवाकडं रचलेलं. दोन मिलिमीटरहून अरुंद श्वासनलिकांभोवती तर टीजीएफ-बीटा या पेशींना कोलॅजेन बनवायला लावणाऱ्या संदेश-प्रथिनाच्या जोरावर पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचा थरच बसतो.

लेंगा आठवा. इलॅस्टिक म्हणजे इलॅस्टिन, नाडी म्हणजे कोलॅजेन. थोडं ताणलं की इलॅस्टिक काम करतं. नाडी तोवर ढिली असते. ती ताठ झाली की पुढे ताणू देत नाही. इलॅस्टिक गेलं की सगळा भार नाडीवर. एक भिंत तुटली की तिचा ताण शेजारच्या भिंतीवर जातो, मग ती तुटते. सिगारेट सुटल्यावरही काहींची पडझड का चालू राहते, त्याचं एक उत्तर मला इथे दिसतं. वायुकोश सैल, नळ्या आवळलेल्या. म्हणून रुग्णाचा श्वास अडतो तो सोडताना.

बाहेर टेबलावर व्हेरहॉफ-व्हॅन गीसन रंगाने रंगवलेली फुप्फुसाची स्लाइड आहे: इलॅस्टिन काळं, कोलॅजेन लाल. ते फुप्फुस २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने फॉर्मालिन भरून फुगवलेलं आहे. न फुगवता कापलं तर भिंती एकमेकींवर चिकटतात आणि फाटलेलं काय, मिटलेलं काय, कळत नाही. काळ्या धाग्यांची तुटकी, गुंडाळलेली टोकं आधी शोधा, मगच चहाकडे वळा.