चेपायचं, पण बेतानं

नमस्कार श्रोतेहो. मी मूळची देवगडची. बीएस्सी फिजिक्स, एमएस्सी फिजिक्स, आणि आता पीएचडीचं काम जिवंत पेशींवर. आई शेजारी सांगते, "ती डॉक्टर होतेय." मग मे महिन्यात घरी गेले की माणसं मला गुडघेदुखी सांगायला येतात.

फिजिक्सची मुलगी पेशींकडे गेलीच कशी, असं पुष्कळजण विचारतात. अकरावीत मी गणित ठेवलं आणि बायॉलॉजी सोडली. बेडकाच्या चित्रांचा कंटाळा, दुसरं काही नाही. सोळाव्या वर्षी पोराला ए ग्रुप की बी ग्रुप, म्हणजे गणित की बायॉलॉजी, असं विचारून जन्माचा शिक्का मारायचा, हे मला अजिबात पटत नाही. जी. एन. रामचंद्रन बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली फिजिक्स शिकले आणि १९५४ साली मद्रासहून त्यांनी कोलॅजेनची रचना मांडली. कातडी, हाडं धरून ठेवणारं हे प्रथिन तीन पेडी वेणीसारखं असतं. त्यांना कुणी ग्रुप विचारला नव्हता. असो.

माझी सुरुवात मात्र काकांच्या आंब्यांच्या शेडमध्ये झाली. मी नववीत होते. आढीतले आंबे पेटीत भरायचे होते आणि मी ऐटीत एकेक आंबा अंगठ्यानं चेपून बघत होते. काका ओरडले, "चेपू नको गो! चेपता ता गिऱ्हाईक. चार दिसांनी थंयच काळो डाग येतलो." मग त्यांनी आदल्या दिवशीचे झाडावरून उतरवलेले आंबे पाण्याच्या बादलीत सोडले. बुडला तो जून, तरंगला तो कोवळा. झालं. आंब्याला बोटसुद्धा लावलं नाही आणि घनता मोजून झाली! तेव्हा मला घनता कळली नाही, ओरडा तेवढा कळला. (कार्बाइडनं पिकवलेला आंबा मुंबईत चेपून चेपून घेणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं, ते रेडिओवर बोलण्यासारखं नाही. कार्बाइडला बंदी आहे, एवढं सांगते.)

आता दहा वर्षं पुढे या. लॅबमध्ये माझा पहिला महिना. पेशी किती मऊ, किती ताठ ते मोजायचं होतं. यंत्राचं नाव एएफएम, म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. एका टोकाला धरलेली इवलीशी पट्टी, दुसऱ्या टोकाला सुई. सुई पेशीवर टेकवायची आणि पट्टी किती वाकली ते लेसरच्या किरणानं बघायचं. वाकणं गुणिले पट्टीचा ताठपणा, की बल मिळालं. अकरावी-बारावीतला हूकचा नियम, दुसरं काही नाही. गंमत म्हणजे १६६५ साली बुचाचा काप भिंगाखाली पाहून 'सेल' हे नाव देणारा रॉबर्ट हूकही हाच. स्प्रिंगवाला तोच, पेशीवालाही तोच.

तर त्या महिन्यात माझ्या हाताखाली आलेली एकही पेशी धड राहिली नाही. काही फाटल्या, काही काचेवरून सुटून गोळा झाल्या. आकडे रोज वेगळे. सरांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "पेशी जाड किती?" म्हटलं, पाच मायक्रॉन. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) "सुई किती आत जातेय?" दोन मायक्रॉन. सर काही बोललेच नाहीत. माझ्या कानात मात्र काका ओरडले, चेपू नको गो!

साधारण जाडीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच दाबायचं असतं. अडीचशे ग्रॅमचा हापूस तळहातावर ठेवलात तर हाताला अडीच न्यूटनचं ओझं कळतं. मी वापरायचं बल होतं एक नॅनोन्यूटन, म्हणजे एका न्यूटनचा शंभर कोटीवा भाग. पुन्हा सांगते, शंभर कोटीवा. चेपायचं, पण बेतानं. पुढच्या आठवड्यात पेशी जगल्या आणि आकडे जागेवर आले.

हे मोजायचं कशाला? तांबडी पेशी सुमारे आठ मायक्रॉनची, आणि ती तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग दुमडून जाते. मलेरियाचा जंतू आत शिरला की ती ताठ होते आणि अडकते. कॅन्सरच्या पुष्कळ पेशी उलट नेहमीपेक्षा मऊ असतात. फिजिक्सवाल्या मुलांनो, मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर, बंगळूरला एनसीबीएस, अशा संशोधन संस्थांत या कामाला तुमची गरज आहे. बायॉलॉजी नंतर शिकता येते. मी शिकले, बेडकाचं चित्र न काढता.

गेल्या मे महिन्यात काकांना लॅपटॉपवर माझा आलेख दाखवला. पेशी मऊ की ताठ ते यावरून कळतं, असं सांगितलं. काका चष्मा सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यां वरचा झाला. आनी आत साको असलो तर?"

साका म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या हापूसच्या आतला खराब, स्पंजासारखा गर. श्रोतेहो, मी गप्प. कारण वरवर दाबल्यावर कळतं ते बहुतेक पेशीच्या सालीखालचं अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचं जाळं. आतलं केंद्रक कसं आहे, हे त्या आलेखात नीट दिसत नाही. सध्या मी त्याच्याच मागे आहे. नमस्कार.