तीन महिन्यांचा डिझाइन कोर्स आणि यल्लम्माची पत्रिका

नमस्कार मंडळी. कोण भाकऱ्या थापत ऐकत असेल, कोण दुकानात, कोण खानापूर-बेळगाव बसमध्ये कानात वायर घालून, सगळ्यांना नमस्कार. सेकंड पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की माझ्या प्रेसमध्ये एक जोडी हमखास येते, बाप पुढं आणि पोरगं मागं मोबाईलमध्ये डोकं घालून, आणि बाप विचारतो, "काय वो, तो तीन महिन्यांचा डिझाइनचा कोर्स लावला तर पोटापाण्याचं काय होईल काय?" मी दरवेळी सांगतो, होईल की. खरं कोर्स बघून लावा, खांबावरचं पोस्टर बघून लावू नका. "शंभर टक्के नोकरी" असं लिहिलेलं असतंय ना, त्या पोस्टरवर शुद्धलेखनाच्या चुका मोजा आधी, म्हणजे तिथं काय शिकवतात ते कळेल.

मी छपाईच्या धंद्यातला माणूस, आणि संध्याकाळी शेजारच्याच क्लासमध्ये पोरांना शिकवतो. त्यामुळं कोर्स करून बाहेर पडणारी पण बघतो आणि नोकरीला येणारी पण बघतो. आता हिशेब बघा. मुंबईच्या जेजे आर्ट कॉलेजला अप्लाइड आर्टची, म्हणजे जाहिरात-छपाईच्या कलेची, डिग्री चार वर्षांची, तो विभाग तिथं १९३५ पासून चाललाय. आणि आपल्याकडचा शॉर्ट कोर्स म्हणजे रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, तीन महिने. गुणाकार केला तर जेमतेम दीडशे तास. दीडशे तास बरं का. त्यात कोरलड्रॉ होतं, फोटोशॉप होतं, इलस्ट्रेटरची तोंडओळख होते, म्हणजे कुठलं बटण कुठं आहे ते कळतं. बटणं काय, यूट्यूबवर फुकट कळतात. आपण फी देतो ती कुणीतरी मागं उभं राहून "हे परत कर" म्हणावं म्हणून.

म्हणून चौकशीला गेलात की एसी आहे काय, कॉम्प्युटर नवीन आहेत काय, हे नंतर विचारा. पहिल्यांदा विचारा, कोर्स संपायच्या आत माझं एकतरी काम खरोखर छापून माझ्या हातात येणार काय? कागदावर, शाईत, कापून. पुन्हा सांगतो, छापून हातात येणार काय. कारण स्क्रीनवर रंग उजेडाचे असतात, लाल-हिरवा-निळा, त्याला आरजीबी म्हणतात, आणि प्रेसमध्ये चार शाया, सीएमवायके, आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी. स्क्रीनवर चकाकणारा हिरवा कागदावर येऊन मलूल पडतो तेव्हा पोराला जे कळतं ते कुठल्या व्हिडिओत कळत नाही. तसंच कडेला ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडायचा, त्याला ब्लीड म्हणतात, तो का सोडायचा हे कटिंग मशीनपाशी अर्धा तास उभं राहिलं की आपोआप डोक्यात जातं. असो.

आता ती पत्रिकेची गोष्ट सांगतो. आमच्या घरी म्हणतात, हा माणूस बारशाला गेला तरी हीच गोष्ट काढतो. काढतो की, का नको.

क्लासला एक पोरगी होती, नंदगडच्या पलीकडची. नाव सांगत नाही, ती ऐकत असणार. सकाळची बस धरून यायची, दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यामुळं कन्नड एक विषय म्हणून झालेला, पाट्या वाचण्यापुरता. कोर्स निम्म्यावर आला होता आणि मी तिला एक खरं काम दिलं. लग्नपत्रिका. नवरा कंग्राळीचा, मराठी, आणि नवरी बैलहोंगलची, कन्नड. आपल्याकडं असली लग्नं किती होतात ते मी तुम्हाला सांगायला नको. पत्रिका दोन भाषेत, डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला कन्नड, आणि भोवती सोनेरी आंब्याच्या पानांचं तोरण. ते तोरण नवऱ्याच्या मामांनी स्वतः मोबाईलवर शोधून आणलेलं, त्यांचा जीव त्या तोरणात. निमंत्रकांची यादी तर विचारूच नका, दोन्हीकडचे काके, मामे, भावजी, आणि खाली चिल्ल्यापिल्ल्यांचं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं". माझं मत विचाराल तर पत्रिका कुणी वाचत नाही, प्रत्येकजण आपलं नाव आहे काय एवढंच बघतो, आणि नसलं की मग वर्षभर वाचतो.

तर कन्नड मजकूर आला नवरीच्या काकांकडून, नुडीमध्ये, म्हणजे कन्नडच्या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलेली फाइल. पोरीनं उघडली तर सगळी इंग्लिश अक्षरं, चिन्हं, कचरा. हे आपल्या जुन्या मराठी फॉन्टचं होतं तसंच. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षर तेच राहतं ती पद्धत, यायच्या आधी प्रत्येक फॉन्टची अक्षरं इंग्लिश बटणांवर बसवलेली, तो फॉन्ट तुमच्याकडं नसला की खालचं इंग्लिश उघडं पडतं. तिनं शहाणपण केलं, कन्व्हर्टरमधून घालून युनिकोड करून घेतलं. दिसायला कन्नड आलं. मग दोन्ही बाजूंना एकच अक्षराचा आकार, दोन ओळींमधलं अंतर पण एकच, तोरण बरोबर मध्यावर. स्क्रीनवर बघितलं तर फ्रेम करून लावावं असं दिसत होतं.

मी कटिंगवर होतो, तिथूनच म्हटलं, साध्या कागदावर एक काढ आणि कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घे. मोठ्यानं हां, मनात नको.

शेजारी खानावळ आहे, जोळद रोट्टीची, म्हणजे ज्वारीच्या भाकरीची, तिथले अण्णा धारवाडकडचे. (जाता जाता, असल्या खानावळी आता एकेक बंद पडाल्यात आणि त्या जागी फ्राइड राइसच्या गाड्या येताहेत, लाल सॉस ओतलेला तो भात कोण खातं देव जाणे, मला कळत नाही. असो.) पोरगी गेली तर अण्णा तव्यापाशी, हात पिठाचे. म्हणाले, कागद धर तिकडूनच, वाचतो. आणि पहिल्याच ओळीला थांबले. पत्रिकेत पहिलं काय असतं, कुलदेवता. नवरीकडची देवी सौंदत्तीची, श्री रेणुका यल्लम्मा. अण्णा म्हणाले, "ही कुठली देवी गे तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. पोरगी म्हणाली, "यल्लम्मा की वो." अण्णा म्हणाले, "इथं यलम लिहिलंय बघ. देवीला पण अर्धी करून टाकलीस!"

झालं होतं काय, तर कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर बाजूला बसत नाही, खाली लोंबतं, बारीक होऊन. ओत्तक्षर म्हणतात त्याला. यल्लम्मामधला दुसरा ल खाली आणि दुसरा म खाली. कन्व्हर्टरनं ते दोन्ही गिळले. शाळेचं कन्नड असलेल्या डोळ्याला ते दिसलं नाही, कारण बाकी अक्षरं जागच्या जागी होती. आणि हे कार्ड बैलहोंगलला गेलं असतं! पौर्णिमेला सौंदत्तीचा डोंगर चढून भंडारा उधळणारी माणसं ती. लग्न राहिलं असतं बाजूला.

मग दुपारची गर्दी ओसरल्यावर अण्णा हात धुऊन आमच्याच बाकावर येऊन बसले, ते एकेक शब्द वाचत गेले आणि ही पेन्सिलनं खुणा करत गेली. बसवण्णा गेलेला, अण्णप्पा गेलेले, कल्लप्पांचे दोन्ही जोड गेलेले. सगळे परत बसवले. तर आता नवीनच पंचाईत. खाली लोंबणारी ओत्तक्षरं पुढच्या ओळीच्या डोक्यावर आपटायला लागली. मराठीचा जास्त पसारा रेषेच्या वर, वेलांटी, रफार, मात्रा, खाली उकार तेवढे. कन्नडला वर पण पाहिजे आणि खाली पण भरपूर पाहिजे. दोन्ही लिप्यांना ओळीतलं अंतर सारखं ठेवून चालत नाही, हे लक्षात ठेवा, पुन्हा सांगतो, अंतर सारखं ठेवून चालत नाही. कन्नडचं अंतर वाढवलं की मजकूर तोरणाच्या बाहेर. अक्षर बारीक करावं तर बैलहोंगलची मंडळी म्हणणार, आमचं बारीक आणि तुमचं मोठं होय? बेळगावात हे बोलणं कुठवर जाईल सांगता येत नाही. नाव एकही कमी करता येत नाही. राहता राहिलं तोरण. पोरीनं तोरण काढून टाकलं, मला न विचारता.

संध्याकाळी मामा आले, बरोबर त्यांची आई, खडेबाजारात लुगडं घेऊन आलेली. मामांनी कागद हातात घेतला आणि आवाज चढला, "माझं तोरण कुठं गेलं?" मी गप्प. शिकवणाऱ्यानं अशा वेळी गप्प बसायचं असतं. पोरीनं काही वाद घातला नाही. तिनं तोरणवाला आणि बिनतोरणाचा, दोन्ही कागद म्हातारीपुढं ठेवले आणि म्हणाली, "आजी, तुमचं नाव कुठं आहे बघा की." चष्मा घरी राहिलेला. म्हातारीनं तोरणवाला कागद लांब धरला, जवळ धरला, ठेवून दिला. दुसरा घेतला, बोट फिरवत गेली आणि नावावर थांबली. "हे काय, गंगामाय ना दिसालीय." म्हणजे तिच्या सासूचं नाव, कैलासवासी लावून वर छापलेलं, ते तिला आधी सापडलं! मग स्वतःचं. मामा जरा वेळ नुसते उभे. मग म्हणाले, "बरं जाऊंदे. तोरण पाकिटावर घाल." पाकिटावर घातलं, झक्क दिसलं.

आणि पुढं काय झालं, पत्रिका वाटायला लागल्यावर नवरीचे काका प्रेसला आले, त्यांचं किराणा दुकान, म्हणाले पाटी त्याच पोरीकडून करायची. कोर्स संपायच्या आत तिला दुसरं काम, तेही पैशाचं.

पाटीवरनं आठवलं. कर्नाटकात २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे आणि तेही वरच्या भागात. त्यावर कुणाला काय वाटतं ते वाटू दे, मी आज डिझायनरच्या बाजूनं बोलतोय. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्लिश दोन्ही बसवायचं आणि दुकान रस्त्यापलीकडून ओळखू यायला पाहिजे, हे काम पुण्या-मुंबईच्या डिझायनरला सांगा, त्याला घाम फुटेल. आपल्या पोरांना तिन्ही लिप्या लहानपणापासून डोळ्यासमोर आहेत. ही आपली जमेची बाजू आहे आणि एकही क्लास ती शिकवत नाही. बालू नावाचा फॉन्ट आहे, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, फुकट मिळतो, त्याचा देवनागरी अवतार आहे आणि कन्नडही आहे, बालू तम्मा. दोन्ही शेजारी ठेवले की एका घरचे वाटतात. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली जाऊन टेक्स्ट इंजिन बदला, साउथ एशियनवालं घ्या. निम्म्या पोरांना हे माहीतच नसतं, ती अक्षरं तोडून तोडून जोडत बसतात.

काम कुठं मिळतं म्हणाल तर उद्यमबागेतल्या कारखान्यांना कॅटलॉग लागतात, निपाणीकडं विड्यांची लेबलं, गुळाची, मसाल्याची पाकिटं, आणि आपली कुंदा मिठाई. कुंद्याच्या बॉक्सवर नुसतं सुंदर लिहून चालत नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, नंबर पाहिजे, वजन, किंमत, तारीख, शाकाहारीचा हिरवा ठिपका पाहिजे. मशीनवाला असो नाहीतर मिठाईवाला, लोगो काढाल तो व्हेक्टरमध्ये काढा, कोरलमध्ये नाहीतर इलस्ट्रेटरमध्ये. पैसे नसतील तर इंकस्केप फुकट आहे. व्हेक्टर म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर पण तोच आणि ट्रकवर पण तोच, फाटत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दबून येतो, आणि पत्रिकेला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सला काय चालतं ते मला विचारू नका. कर्नाटकात २०१६ च्या प्लास्टिकबंदीत फ्लेक्स पण आहे, तरी चौकाचौकात भाऊ, अण्णा, साहेब हात जोडून उभेच. चाळीस चेहऱ्यांच्या त्या बॅनरनं पोरांचे डोळे बिघडवलेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातानं काढायची सवय सोडू नका. आपल्या बेळगावचे चित्रकार रवी परांजपे के. बी. कुलकर्णी सरांकडं चित्र शिकले आणि मग मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात गेले, तेव्हा कॉम्प्युटर कुठं होता. कोर्स चालू असताना रोज एक पाटी, एक लेबल वहीत उतरवून काढा, कन्नड एक दिवस, मराठी एक दिवस. नोकरीला जाताना सर्टिफिकेट दाखवू नका, मी तरी बघत नाही. छापलेली पाच-सात कामं पिशवीतनं आणा.

आणि घरून काम सुरू करणाऱ्यांनी एवढं करा, निम्मे पैसे आधी घ्या, आणि प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या, कागदावर गिऱ्हाईकाची सही घ्या, तारखेसकट. नात्यातला असला तरी घ्या. नात्यातला असला तर दोन कॉपीवर घ्या. नमस्कार.