छताखालच्या बाजारातून पायी

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढातली संध्याकाळ असावी आणि नेमकं जांभळी नाक्यावर काम निघावं, म्हणजे काय होतं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. एका दुकानाच्या ताडपत्रीखालून पुढच्या ताडपत्रीखाली धावायचं, मधल्या फटीतून मानेवर धार पडायची, पायाखाली चिखल आणि कोपराला रिक्षा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या गिऱ्हाइकाची अवस्था याहून बरी नव्हती. बहुतेक रस्त्यांना फुटपाथ नव्हते, मधोमध गटार वाहायचं आणि घोडागाड्या चिखल उडवत अंगावरून जायच्या. तिथल्या जमीनमालकांनी यावर तोड काढली. दोन रस्त्यांच्या मध्ये, इमारतींच्या पोटातून एक गल्ली काढायची, दोन्ही अंगांना दुकानांचे गाळे बांधायचे आणि वर काचेचं छप्पर घालायचं. गाडी आत शिरणार नाही, पाऊस शिरणार नाही, उजेड मात्र थेट वरून येईल. या गल्ल्यांना तिथे पॅसेज म्हणतात, काहींना गॅलरी. माहितगाराबरोबर त्यांतून पायी फिरणं हा बाजार समजून घेण्याचा उत्तम मार्ग आहे असं माझं मत आहे, आणि तशा फेऱ्या आपल्या ठाण्यात व्हायला हव्यात असा माझा आग्रह आहे. त्याबद्दलच आज बोलते.

एवढ्या गल्ल्या काढायला भर वस्तीत जागा आली कुठून? ती फ्रेंच राज्यक्रांतीने आणली. चर्चच्या आणि उमरावांच्या जप्त झालेल्या मोठमोठ्या जागा बाजारात विकायला आल्या, आणि पैसेवाल्यांनी त्या घेऊन गाळे पाडले. पॅसेज द्यू कैर हा १७९८ चा, एका जुन्या मठाच्या जागेवरचा. नेपोलियन तेव्हा इजिप्तच्या स्वारीवर होता आणि सगळं पॅरिस इजिप्तवेडं झालं होतं, म्हणून नाव कैरोचं आणि दर्शनी भिंतीवर इजिप्शियन देवतेचे मुखवटे. १८०० मध्ये पॅसेज दे पानोरामा आला. १८१७ मध्ये तिथे गॅसचे दिवे लागले, तेव्हा पॅरिसकरांना ही गोष्टच नवी होती. दिवस मावळल्यावरही उजेडात, कोरड्या पायांनी, दुकानं बघत हिंडता येतं, हे लोकांनी तिथे अनुभवलं. दुकानाच्या काचेसमोर नुसतं रेंगाळण्याची चैन तोवर सामान्य माणसाला कुठे होती?

माहितगाराबरोबरची फेरी बहुधा पाले-रॉयाल या जुन्या राजवाड्याच्या आसपास सुरू होते. आमच्या बरोबर एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दारात थांबवून सांगितलं, आधी वर बघा, मग खाली, आणि दुकानांकडे सगळ्यात शेवटी. हा क्रम मला फार पटला. आपण बाजारात शिरलो की नजर मालावर जाते आणि तिथेच अडकते. वर बघितलं की पॅसेजचं वय कळतं. गॅलरी व्हेरो-दोदा १८२६ ची. तिच्या छतात काच सलग नाही, मध्येमध्ये चित्रं काढलेली तक्तपोशी आहे. खाली काळ्यापांढऱ्या फरशा तिरक्या बसवल्या आहेत, त्यामुळे गल्ली आहे त्यापेक्षा लांब वाटते. ती बांधणारे व्हेरो आणि दोदा हे दोघे मांसविक्रेते होते. खाटकाच्या धंद्यातून कमावलेला पैसा अशा नजाकतीच्या वास्तूत गेला, हे ऐकून मला त्या दोघांबद्दल आदर वाटला. आणि दुकानांवर छोटे पोटमाळे, आतून चढणारा जिना. खाली धंदा, वर संसार. आपल्या जुन्या बाजारपेठांत याहून वेगळं काय होतं?

तिथून पुढे गॅलरी व्हिव्हिएन. इथे जमिनीवर मोझेक आहे, फाकिना नावाच्या इटालियन कारागिराचं. १८२६ पासूनचं जुन्या पुस्तकांचं दुकान अजून उघडं आहे. पण विसाव्या शतकात या गॅलरीला अवकळा आली होती. १९७० मध्ये केन्झो ताकादा या जपानी तरुणाने आपलं पहिलं कपड्यांचं दुकान इथे थाटलं, त्याच्यामागून इतर आले आणि गॅलरीत पुन्हा वर्दळ सुरू झाली. जुन्या वास्तू फक्त सरकारी संरक्षणाने वाचतात असं आपण समजतो. संरक्षण हवंच, ते या गॅलरीला मिळालंही. पण गाळ्यात रोज सकाळी दार उघडून बसणारा दुकानदार आणि त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक नसेल तर त्या काचा पुसणार कोण?

पानोरामातून निघून बुलेवार मॉन्मार्त्र हा रुंद रस्ता ओलांडला की समोर पॅसेज जुफ्रुआ आणि त्याच्या टोकाला पॅसेज व्हेर्दो. तीन पॅसेज एकापुढे एक, जवळपास एका रेषेत. जुफ्रुआ १८४० च्या दशकातला. तोवर लोखंडाचं काम इतकं सुधारलं होतं की इथे सगळं छप्पर लोखंड आणि काचेचं आहे. मध्येच गल्ली वळते आणि चार पायऱ्या उतराव्या लागतात, कारण मालकाला मिळालेला जमिनीचा तुकडाच वाकडा होता. वाटाड्याने हे सांगितलं नसतं तर ती पायऱ्यांची गंमत मी शोभा समजून पुढे गेले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये दीडशेच्या आसपास पॅसेज होते असं सांगतात. आज जेमतेम वीसेक उरले आहेत. ओस्मान या प्रशासकाने शहर कापून रुंद रस्ते काढले, त्यांना चांगले फुटपाथ आले आणि एकाच छताखाली सगळं विकणारी प्रचंड दुकानं उभी राहिली. छताखालच्या गल्लीची गरज संपली. पॅसेज ब्रादी १८२८ चा, तो तर नव्या रस्त्यापायी मधोमध कापला गेला. पण त्याच पॅसेज ब्रादीत १९७० च्या दशकापासून आपल्या उपखंडातल्या लोकांनी खाणावळी, मसाल्याची दुकानं आणि केशकर्तनालयं थाटली. काचेच्या त्या जुन्या छपराखाली फोडणीचा वास येतो. मला तो पॅसेज व्हिव्हिएनपेक्षाही अधिक आवडला. तो झगमगीत नाही, पण त्याचं मूळचं काम अजून चालू आहे: शहरात नव्याने आलेल्या माणसाला परवडेल असा गाळा देणं.

इतर शहरांचं थोडक्यात. लंडनची बर्लिंग्टन आर्केड १८१९ ची. तिथे गणवेशातले रखवालदार असतात आणि शीळ वाजवायला मनाई आहे. मिलानची प्रचंड गॅलरी १८६७ मध्ये खुली झाली. तिचा वास्तुकार मेंगोनी १८७७ च्या डिसेंबरात, तिथल्याच बांधकामावरून पडून गेला.

आता घराकडे वळू. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्याला आली. त्याच मार्गाने उलट जा, सीएसएमटीला उतरा आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून फ्लोरा फाउंटनच्या दिशेने चाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नियमच केला होता की इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग वाट ठेवायची. मालकांच्या इमारती, पण खालची वाट सर्वांची. वर प्रत्येक इमारतीचा तोंडवळा वेगळा, खाली वाट एक. स्टेशनच्या उत्तरेला क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. दारावरची शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची आहेत. फळं घ्यायला शिरणाऱ्या दहा जणांपैकी एक तरी मान वर करतो का, बघा एकदा.

आणि ठाणे? आपल्याकडे काचेचं छप्पर नाही. पण बाजार त्यांच्याहून फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलं, ते इथे जहाजं आणि व्यापारी फार येतात, उत्तम कातडं आणि सुती कापड बाहेर जातं, असं. हे वाक्य स्टेशन रोडवरच्या कापडाच्या दुकानासमोर उभं राहून ऐकलं तर त्याचा अर्थ वेगळा लागतो. स्टेशनवरून निघावं, जांभळी नाक्याच्या बाजारातून कोपिनेश्वराच्या देवळाशी यावं, तलावपाळीला वळसा घालून सेंट जॉन बाप्टिस्टच्या चर्चपाशी थांबावं आणि टेंभी नाक्यावर १८७९ च्या ज्यू सिनेगॉगसमोर फेरी संपवावी. एवढ्याशा टापूत किती धर्मांच्या, किती धंद्यांच्या माणसांनी दुकानं मांडली, ते चालतानाच कळतं. चारचाकीतून हा टापू म्हणजे नुसता ट्रॅफिक.

वाटाडे कुठून आणायचे? आपल्या कॉलेजांत इतिहास शिकणारी मुलं आहेत. त्यांनी आधी महिनाभर दुकानदारांकडे बसावं. गाळा पागडीचा की मालकीचा, माल पूर्वी कुठून यायचा, वखार कुठे होती, आजोबांच्या काळात दिवाळीला दुकान रात्री किती वाजेपर्यंत उघडं असायचं, हे विचारून लिहून घ्यावं. लाकडी खांबांची, कौलारू जुनी घरं पुनर्विकासात एकेक करून जात आहेत. ती पडल्यावर हे सांगणारी माणसंही पांगतील. म्हणून मला घाई वाटते.

तीन गोष्टींचा मात्र हट्ट धरते. एका फेरीत बारा-पंधरा जणांहून अधिक नकोत. हातात भोंगा घेऊन चाळीस जणांना दुकानाच्या दारात उभं केलं तर खरं गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर परततं आणि दुकानदार पुढच्या वेळी तोंड फिरवतो. दुसरं, रिकाम्या हाताने परतू नका. पावशेर मसाला घ्या, उदबत्ती घ्या, काहीही. आणि तिसरं, ऐन सणाच्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. श्रावणातली एखादी शनिवारची सकाळ निवडा, दहाच्या सुमाराला, बोहनी झाल्यावर. तेव्हा ती मंडळी मोकळेपणाने बोलतात.

नमस्कार.