आधी मुलाचं वेळापत्रक, मग खावटी

आजचा विषय ‘घटस्फोट: कारणे आणि परिणाम’. तो मी घेणारच आहे. पण कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, ती आधी बोलू द्या. संमतीने वेगळं होताना सगळ्यात आधी मुलाचं वेळापत्रक ठरलं पाहिजे. खावटी, फ्लॅट, दागिने त्यानंतर.

एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. आई बजाजनगरला, वडील मानेवाड्याला, मुलगा सहावीत. मारहाण नाही, व्यसन नाही. पटलं नाही, इतकंच. त्यांच्या संमतीपत्रात मंगळसूत्र किती ग्रॅमचं, स्कूटर कोणाच्या नावावर, लग्नातला दिवाण कोणी उचलायचा, सगळं कलमवार. आणि मुलगा? ताबा आईकडे, वडील दर रविवारी भेटतील. संपलं. दिवाणाला अख्खा परिच्छेद आहे, बाप्पा! हसा, पण घरी गेल्यावर ओळखीतल्या कोणाचं संमतीपत्र मिळालं तर वाचून बघा.

पुढे क्रिकेटचे सामने लागले, तेही रविवारीच. आईला धास्ती, भेट बुडाली तर आपल्याविरुद्ध अर्ज येईल. वडील म्हणाले, आठवड्यातला एक दिवस मिळतो, तोही मैदानाबाहेर बसून घालवू? दोघंही आपापल्या जागी खरे. पोरानं संघ सोडला. त्याची शाळेची डायरी मी पाहिली आहे. शेवटच्या पानावर पट्टीनं दोन रकाने आखलेले, ‘आ’ आणि ‘बा’. कंपास आ, निळा स्वेटर बा, भूगोलाची वही बा, इनहेलर दोन्हीकडे. जे काम दोन वकील आणि दोन पालकांनी करायला हवं होतं, ते त्यानं एकट्यानं करून ठेवलं होतं.

सहलीच्या फॉर्मवर वडिलांचीच सही पाहिजे म्हणून शाळेनं त्याला परत पाठवलं. वडील तेव्हा कामासाठी बाहेरगावी. मी स्वतः शाळेत गेले, भांडले. अहो, 1999 साली सर्वोच्च न्यायालयात गीता हरिहरन यांचं प्रकरण झालं, तेही सहीवरूनच. मुलाच्या नावच्या रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेला वडिलांची सही हवी होती. न्यायालयानं सांगितलं, मुलाचं सगळं प्रत्यक्षात आईच पाहत असेल तर वडील हयात असतानाही ती नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते. आपल्या राज्यात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं. तरी सही अडते, आणि सहलीची बस निघून जाते.

चिठ्ठी आली, वेळ संपत आली म्हणतात. तर कारणं भराभर सांगते: पैसा, दारू, संशय, सासर-माहेरची ढवळाढवळ, दोन शहरांतल्या नोकऱ्या. घटस्फोट हे आजकालचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याकडची काडीमोड आठवावी. रूढीनं होणारी ही फारकत 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानंही मोडीत काढली नाही. आणि जिथे मारहाण आहे, तिथे ‘मुलांसाठी सहन कर’ हे कोणत्याही मुलीला सांगू नका. रोज आईला मार खाताना पाहणं मुलाच्या भल्याचं नसतं.

परिणाम. मुलाला वेगळं होण्यापेक्षा चालू राहिलेलं भांडण जास्त पोखरतं. लहान मुलं अंथरूण ओलं करू लागतात, मोठी निरोप्याचं काम करतात, आणि कित्येकांना वाटतं की हे माझ्यामुळेच झालं. त्यांना ‘तुझा दोष नाही’ हे दोघांनीही, एकदा नव्हे, पुनःपुन्हा सांगावं लागतं.

संमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. 2017 पासून योग्य प्रकरणात न्यायालय ते सहा महिने माफ करू शकतं, पण माझं म्हणणं, तेवढ्या वेळात मुलाचं लिहून काढा: दिवाळी कोणाकडे, परीक्षेचा आठवडा कोणाकडे, आजारपणात फोन कोण कोणाला करेल, शाळेत सही कोणाची, सामना आला तर रविवारऐवजी कोणता वार. पाच वर्षांखालचं मूल कायद्यानं सहसा आईकडे राहतं, पण ते सहावीत जाणारच आहे, तेव्हाचंही आत्ताच लिहा. मसुद्याच्या प्रती मी आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत.